वाट उगाच वळते तिथे

ओदील फोंतानेलची आई मरायला टेकली, तेव्हा तिनं आधी पाद्रीबाबांना खोलीबाहेर काढलं, मग डॉक्टरांना, मग स्वतःच्या जावयाला. पाद्रीबाबांना वाटलं, म्हातारीला शेवटचं पाप कबूल करायची लाज वाटत असेल. पाप कबूल करायचं तर निदान पाद्र्याला तरी आत ठेवतील, एवढंही त्या गृहस्थाच्या डोक्यात आलं नाही. दार लागल्यावर म्हाताऱ्या लेओंतीननं लेकीचा कान तोंडाजवळ ओढला आणि सांगितलं : चेस्टनटचं पडलेलं झाड ओलांडायचं, ओहोळ डाव्या हाताला ठेवायचा, आणि तीन बीच वृक्ष खांद्याला खांदा लावून उभे आहेत, त्यांच्या पायथ्याशी बघायचं. "आणि जाताना मागं बघत जा गं, मूर्खे." एवढं बोलून ती गेली. देवाचं नाव घ्यायचं राहिलं ते राहिलंच.

मोर्साक गावात याचं कुणाला नवल वाटणार नाही. इथली माणसं शेत विकतील, मत विकतील, वेळ आली तर बायकोला वाऱ्यावर सोडतील, पण आपल्याला सेप कुठे सापडतो ते सांगणार नाहीत. सेप म्हणजे तपकिरी टोपीची, जाडजूड पायाची अळंबी. पाऊस पडून वर ऊन आलं की शरदात रानात वर येते. लोणी आणि लसणीत परतून समोर ठेवली तर माणूस सासूलासुद्धा माफ करतो. रान सगळं गावाच्या मालकीचं, म्हणजे अळंबीही सगळ्यांची. हे झालं कागदावर. कागदावर तर मेयरसुद्धा सगळ्यांचा असतो. खरं म्हणजे प्रत्येक घराची रानात एक चोरटी जागा असते, आणि ती आईकडून लेकीला, बापाकडून लेकाला मरता मरता मिळते. जो आधी सांगतो तो वेडा आणि जो न सांगताच मरतो त्याला घरचे जन्मभर शिव्या घालतात.

ओदीलनं जन्मभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त होती. नवरा मार्सियाल आयुष्यभर सेपचं ऑम्लेट खात आला आणि ते कुठून येतं हे न कळताच मेला. एकदा बिचारा चोरपावलांनी तिच्या मागं गेला होता. ओदीलनं त्याला दलदलीतून असं फिरवलं, की गडी एक बूट घालून परत आला. तो गेल्यापासून तिला मोठीच सोय झाली. ती गाडी स्मशानाच्या फाटकाशी लावायची, टोपली घेऊन आत जायची, आणि नवऱ्याच्या थडग्याकडे ढुंकूनही न बघता मागच्या पडक्या भिंतीतून रानात सटकायची. गाव म्हणायचं, बाईचा नवऱ्यावर काय जीव होता!

तर अशा या गावात मेयर युबेर डेल्मास याला पायवाटेचं वेड लागलं.

वेड म्हणजे निव्वळ मत्सर. शेजारच्या गावानं पदभ्रमणाची वाट आखली, तिथं एक बाकडं ठेवलं, आणि उन्हाळ्यात एक डच जोडपं येऊन त्या बाकड्यावर बसलं आणि त्यांनी पाव विकत घेतला. एक पाव! त्या पावाची बातमी जिल्ह्याच्या पेपरात आली. तेव्हापासून युबेरला झोप नव्हती. गावात दवाखाना नाही, पोस्ट बंद पडलं, शाळेत पोरं उरली नाहीत म्हणून बस बंद झाली. त्या सगळ्याला याच्याकडे एकच उत्तर : पायवाट. टेकडी, रान आणि नदीकाठ, तिन्ही दाखवणारी पिवळी वाट.

फिर्मँ लास्कूच्या कॅफेत सभा भरली. फिर्मँ हा ओदीलचा चुलतभाऊ, कॅफेचा आणि तंबाखूच्या दुकानाचा मालक, आणि गावातला सगळ्यात गोड बोलणारा माणूस; म्हणजे त्याच्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं. युबेरनं टेबलावर पिवळ्या रंगाचे डबे मांडले.

"झाडांवर खुणा करायच्या," तो म्हणाला. "आडवी पिवळी पट्टी म्हणजे वाट बरोबर आहे. मुडपलेली पट्टी म्हणजे वळा. आणि पिवळी फुली म्हणजे इकडे जायचं नाही. समाजसेवा आहे, पैसे मिळणार नाहीत. कोण पुढे येतंय?"

एरवी समाजसेवा म्हटलं की या गावात सगळ्यांच्या कमरेत उसण भरते. पण युबेरचं बोलणं संपायच्या आत ओदील उभी राहिली.

"रानाचा भाग मी करते."

ती दुसरं काय करणार? रानातून जाणारा जुना गाडीरस्ता थेट तिच्या तीन बीच वृक्षांच्या पायथ्याजवळून जात होता. ज्याच्या हातात कुंचला तो वाट नेणार.

"टेकडी माझी," फिर्मँ म्हणाला. "म्हणजे, मला तिथली हवा मानवते."

"तुला? तू वरच्या मजल्यावर जाताना मध्ये बसतोस!"

"म्हणूनच तर. व्यायाम."

"आणि नदीकाठ," युबेर छातीवर हात ठेवून म्हणाला, "तो मी स्वतः करणार. मेयर झालो म्हणून काय झालं? मलाही हात आहेत."

बाकीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिघांनीही एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं. एवढ्या कौतुकानं माणसं फक्त काहीतरी लपवायचं असलं की बघतात.

ओदीलचं काम सोपं होतं. पडलेल्या चेस्टनटपर्यंत ती गाडीरस्त्यानं पट्ट्या मारत गेली. तिथून पुढे रस्ता सपाट, कोरडा, सावलीचा. अशा रस्त्यावर तिनं एवढी मोठी फुली मारली की आंधळ्यालाही दिसावी. मग तिनं वाट उजवीकडे वळवली : वर काटेरी झुडपातून, खाली खड्ड्यातून, लोकांनी वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या जुन्या वॉशिंग मशिनींच्या ढिगाला वळसा घालून, एका तारेखालून सरपटत, आणि पुन्हा त्याच गाडीरस्त्यावर, थोडं पुढे. तिनं स्वतः ती वाट एकदा चालून पाहिली. पोटरीला ओरखडे, केसात काटे. वा! ती मनाशी म्हणाली. झकास जमलंय.

रविवारी उद्घाटन झालं. युबेरनं तिरंगी पट्टा छातीवर आडवा घातला, फीत कापली, आणि अर्धं गाव त्याच्यामागे चालू लागलं.

आधी टेकडी. पायवाट माथ्यावरच्या छोट्या चर्चकडे चालली होती, ओकच्या कोवळ्या झाडीतून, नाकासमोर. आणि मध्येच, काही कारण नसताना, फिर्मँच्या फुलीनं सगळ्यांना अडवलं. पिवळी पट्टी त्यांना खाली दगडाच्या खाणीत घेऊन गेली, खाणीतून फिरवून पुन्हा घसाऱ्यावरून वर. माणसं चार पायांवर आली.

"इकडून का रे बाबा?" कुणीतरी धापा टाकत विचारलं.

"इथून देखावा फार छान दिसतो," फिर्मँ म्हणाला.

सगळ्यांनी देखावा पाहिला. कोंबड्यांच्या शेडची मागची भिंत दिसत होती.

तेव्हाच ओदीलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फिर्मँ, आळशी फिर्मँ, कारणाशिवाय खाणीत उतरेल? तिनं फुलीच्या मागच्या ओकच्या झाडीकडे पाहिलं, मग फिर्मँच्या तोंडाकडे पाहिलं. फिर्मँ आभाळाकडे बघत शीळ घालत होता. अच्छा! म्हणजे फिर्मँच्या बापाची जागा ही. कैक वर्षं सगळं गाव ती शोधत होतं, आणि या गाढवानं तिच्यावर पिवळ्या रंगानं फुली मारून ठेवलीय!

नदीकाठी तेच. पाणी खळाळत होतं, काठाला गार सावली होती, गालिच्यासारखं गवत होतं, आणि युबेरची वाट तिथून फुटून गावाच्या सांडपाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घालायला गेली.

"इथे पक्षी बघायला मिळतात," युबेर नाकाला रुमाल लावून म्हणाला. माशा घोंगावत होत्या. ओदीलनं नदीकाठच्या त्या सावलीकडे नीट बघून घेतलं.

रानात वॉशिंग मशिनींचा ढीग आला तेव्हा युबेरनं भुवया चढवल्या. "ओदीलबाई, हे काय?"

"आपला औद्योगिक वारसा, मेयरसाहेब."

"हां, हां. बरोबर." आणि त्यानं त्या ढिगाजवळ फोटो काढून घेतला.

ओदील त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसली. काय मूर्ख आहेत दोघं! जागा लपवायला निघाले आणि गावभर दवंडी पिटून आले. स्वतःच्या वळणाचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. आपलं वळण शहाणपणाचं असतं, दुसऱ्याचं ते वळण.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं गाडी स्मशानाशी लावली आणि मागच्या भिंतीतून, पण या वेळी टेकडीच्या बाजूला गेली. फिर्मँची फुली ओलांडताना तिनं तिच्यावर एक टिचकीही मारली. आणि आत, ओकच्या झाडीत, ओल्या पाचोळ्यातून टोप्या वर आलेल्या! एक इथे, दोन तिथे, एक दगडाला टेकून आरामात बसलेला. तिनं चाकूनं देठ अलगद कापले, जमीन उकरली नाही, कापल्या जागेवर पाचोळा सारला. चोरी करायची तर ती नीट करावी, एवढी लाज तिच्यात होती. टोपली भरली. वर नेचं अंथरलं.

परत येऊन ती स्मशानाच्या पडक्या भिंतीशी पोचते तो पलीकडच्या बाजूनं, रानातून, फिर्मँ आला. त्याच्याही हातात टोपली. त्याच्याही टोपलीवर नेचं.

दोघं थांबले.

"काय गं ओदील, एवढ्या सकाळी?"

"मार्सियालला भेटायला आले होते."

"टोपली घेऊन?"

"फुलं आणली होती त्याला."

"ही? हे तर नेचं आहे."

"त्याला नेचं आवडायचं. आणि तू रे?"

"मी... आत्याकडे आलो होतो. थडग्यावर."

"आत्याला ब्रीव्हला पुरलंय."

"मग उगाचच आलो म्हणायचं," तो म्हणाला आणि टोपली पाठीमागे धरून गाडीकडे निघाला.

ओदील हसणार होती. पण तिची नजर त्याच्या बुटांवर गेली. बूट लाल चिखलानं माखलेले. सबंध रानात लाल चिखल एकाच ओहोळाला आहे, आणि तो ओहोळ डाव्या हाताला ठेवून कुठे जायचं ते जगात एकाच बाईला ठाऊक होतं.

बस चालवताना ती कधी गेली नव्हती, एवढ्या वेगानं ती रानातून पळाली. तीन बीच वृक्षांच्या पायथ्याशी नुसते कापलेले देठ राहिले होते. नीट कापलेले, वर पाचोळा सारलेला. चोर असला तरी अस्सल मोर्साकचा होता.

ती खाली बसली. आईची जागा. आजीची जागा. आणि तिनं स्वतः, समाजसेवा म्हणून, पिवळ्या रंगात, एवढी मोठी फुली...

सगळ्यात वाईट म्हणजे तिला ओरडताही येईना. ओरडणार काय? 'माझी जागा लुटली' म्हटलं की गाव विचारणार, कुठली जागा? आणि फिर्मँही कुठे ओरडू शकत होता? तो आपल्या झाडीत गेला असेल, आपले देठ बघून आला असेल, आणि आता काउंटरमागे उभा राहून गोड हसत कॉफी देत असेल.

तो तसाच उभा होता. दुपारी ओदील कॅफेत गेली, त्यानं कॉफी दिली, तिनं घेतली, आणि दोघांनी हवापाण्यावर अशा गप्पा मारल्या की ऐकणाऱ्याला कापरं भरावं. युबेरही कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. नदीकाठीही कुणीतरी जाऊन आलं होतं, आणि तो ओदीलकडे आणि फिर्मँकडे आळीपाळीनं बघत होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत एक चकचकीत माणूस आला. चकचकीत विजार, चकचकीत काठ्या, मनगटावर पावलं मोजणारं काहीतरी. तुलूझचा दंतवैद्य होता, नाव तिबो मारेशाल. आणि त्याच्या हातात सुपरमार्केटची प्लॅस्टिकची पिशवी होती, फुगलेली, टम्म.

"बोंजूर! काय सुंदर वाट आहे हो तुमची!" असं म्हणून त्यानं पिशवी काउंटरवर धाडकन ठेवली. पिशवीचं तोंड उघडलं. आत सेप. चुरडलेले, घाम फुटलेले, मुळासकट उपटलेले, मातीसकट.

प्लॅस्टिकमध्ये! माणसानं बापाला मारावं, पण सेप प्लॅस्टिकमध्ये घालू नये.

"हे... कुठं मिळाले?" फिर्मँनं विचारलं. त्याचा आवाज बाईसारखा बारीक निघाला होता.

"कुठं काय, तुम्हीच तर खुणा केल्यात!" दंतवैद्य आनंदानं म्हणाला. "आधी कळेना. चांगली वाट सोडून हे लोक खाणीत कशाला नेतायत? मग कळलं. खेळ आहे! जिथे वाट उगाच वळते तिथे सरळ जायचं. फुली असेल तिथे खजिना. टेकडीवर थोडेच उरले होते, कुणीतरी आधी खेळून गेलं होतं. रानात तर देठच. पण ओहोळाच्या पलीकडे आणखी आत शिरलो, तर हे एवढे! आणि नदीकाठचे हे बघा, काय गुबगुबीत आहेत! कुणाची कल्पना ही? फार हुशार माणूस असणार."

हुशार माणसं तिघंही खाली बघत होती. ओदीलनं पिशवीत डोकावलं. सेप ओळखू येतो. बीचखालचा फिकट, ओकखालचा काळसर. आपली पोरं बाजारात दिसावीत तशी तिला ती दिसली, नाक फुटलेली, कपडे फाटलेली. युबेरच्या तोंडून "हे माझ्या–" एवढं निसटलं, आणि उरलेलं त्यानं वाइनबरोबर गिळलं.

"तुमच्या घरी आवडत असतील," ओदील कशीबशी म्हणाली.

"छे हो! मला अळंबी चालतच नाही. तोंड सुजतं. हे तुमच्या गावाला भेट! आणि ऐका, आमच्या तुलूझच्या पदभ्रमण मंडळाला मी फोन केलासुद्धा. येत्या रविवारी सगळे येतायत. बस केलीय."

तो गेला. फिर्मँनं लोणी तापवलं, त्या पिशवीतलं जे वाचलं ते परतलं, अंडी फोडली. तिघं एका टेबलावर बसले आणि एकमेकांकडे न बघता जेवले. घास घेताना ओदीलला कळत होतं, हा माझा, हा फिर्मँचा, हा त्या हलकट युबेरचा. युबेरचा जास्त चविष्ट होता, त्याचाही तिला राग आला.

बशा पुसून झाल्यावर युबेर म्हणाला, "मेयर या नात्यानं बोलतो. वाटेला काही ठिकाणी... अनावश्यक वळणं आहेत, अशी तक्रार आलीय."

"कुणाची तक्रार?" फिर्मँनं विचारलं.

"एका नागरिकाची."

"तो नागरिक सांडपाण्याच्या टाकीजवळ राहतो का हो?"

"बंद करून टाकू का वाट?"

"बस ठरलीय, साहेब. आणि पेपरात छापून आलंय."

"मग पाटी लावू," युबेर म्हणाला. "सावधान, विषारी साप."

"तुलूझचे आहेत ते. सापाचे फोटो काढायला दुसरी बस करतील."

मग फिर्मँनं तोडगा काढला. अशीच वळणं सगळीकडे घ्यायची! शंभर ठिकाणी फुल्या, जिथे काही नाही तिथेही. म्हणजे खरी कुठली, खोटी कुठली, कोण ओळखणार? युबेरला हे फार आवडलं. त्यानं रुमालावर वाट काढायला घेतली. वाट चर्चमधून दोनदा गेली, एकदा त्याच्याच न्हाणीघरातून, आणि शेवटी जिथून निघाली तिथं परत येईना.

"नाताळ येईल, पण ती माणसं बाहेर येणार नाहीत," ओदील म्हणाली, आणि उठून घरी गेली.

घरी ती खुर्चीत बसून राहिली. शाळेची बस चालवताना तिनं मागची पोरं आरशातून बघितली होती. आता तिनं डोक्यात त्या वाटेवरची माणसं चालवून बघितली. पदभ्रमण करणारी माणसं काय बघतात? झाडावरची पिवळी पट्टी बघतात. मनगट बघतात. पुढच्याचं ढुंगण बघतात. पायाशी काय आहे ते कुणी बघत नाही. हा दातांचा वैद्य तरी आत का शिरला? फुली होती म्हणून. मनाई केली म्हणून. म्हणजे आपली जागा वाचवायची तर...

नुसत्या विचारानं तिला घाम फुटला.

पण सकाळी ती गेली. चेस्टनटजवळची फुली तिनं राखाडी रंगानं पुसली, आणि वाट सरळ नेली. सरळ, गाडीरस्त्यानं, थेट आपल्या काळजावरून. शेवटी ती त्या तीन बीच वृक्षांसमोर उभी राहिली. पट्टी तिथं मारायलाच हवी होती. जिथं खूण नाही तिथं माणूस इकडंतिकडं बघायला लागतो. आई वरून काय काय म्हणत असेल ते तिला स्वच्छ ऐकू येत होतं, आणि त्यातलं काहीच लिहिण्यासारखं नव्हतं.

"आई, शिव्या दे, पण मला करू दे," ती म्हणाली आणि मधल्या झाडाच्या गुळगुळीत खोडावर पिवळी पट्टी ओढली. डोळे पुसताना नाकालाही रंग लागला.

आठवड्यात पाऊस झाला, वर ऊन पडलं. व्हायचं तेच झालं. रविवारी सकाळी ती लवकर गेली, बस यायच्या आत जे असेल ते काढून घ्यावं म्हणून. आणि बघते तर वाटेच्या कडेला, ऐन पट्टीखाली, एक सेप. पावाएवढा! असा तिनं जन्मात पाहिला नव्हता. आजूबाजूला त्याची पोरंबाळं. तिनं चाकू काढला, वाकली, आणि तेवढ्यात वळणामागून गाणं ऐकू आलं. तुलूझकर वेळेच्या आधी येत होते. शहरातली माणसं दवाखान्यात वेळेवर येत नाहीत, पण निसर्गात वेळेच्या आधी येतात.

टोपली दिसली तर सगळं संपलं. तिनं टोपली काटेरी झुडपात फेकली, चाकू बुटात खुपसला, झगा पसरला आणि त्या सेपवर बसली. म्हणजे अंग त्याच्यावर टाकलं नाही. दोन्ही हात मागे टेकून, कोंबडी अंड्यावर बसते तशी अधांतरी.

"बोंजूर, मादाम!" चकचकीत माणसांची रांग सुरू झाली.

"बोंजूर. बोंजूर. बोंजूर."

तिचा अंदाज तंतोतंत खरा निघाला, आणि तेच असह्य होतं. कुणी खाली बघेना. एकानं चालता चालता एका सेपची टोपी उडवली. दुसऱ्यानं मनगटाकडे बघत एकाच्या आरपार काठी रोवली आणि तो काठीला टोचलेलाच घेऊन पुढे गेला. ओदीलला आतून किंचाळावंसं वाटत होतं, आणि ती हसून "बोंजूर" म्हणत होती.

"अहो, वाट सरळ केली तुम्ही!" दंतवैद्य तिबो हिरमुसला होता. "गंमत गेली सगळी. आता बघण्यासारखं काही राहिलं नाही."

"हो ना," ओदील म्हणाली. तिचे हात थरथरायला लागले होते.

रांगेतली एक धिप्पाड बाई थांबली. "बरं वाटत नाहीये का आजी? मी नर्स आहे. अहो, या जरा इकडे, आजींना उठवायचंय!" चौघं धावले. दोघांनी दंड धरले.

"हात लावू नका!" ओदील ओरडली. सगळे दचकले. काहीतरी सांगणं भाग होतं. "मी... माझ्या नवऱ्याची आठवण काढतेय. याच जागी... तो..."

पुढचं तिला सुचेना. सुचायची गरज नव्हती. त्या बाईनं तोंडावर हात ठेवला. दंतवैद्यानं टोपी काढली. मग सगळ्या बसभर माणसांनी टोप्या काढल्या, काठ्या उभ्या धरल्या आणि मार्सियाल फोंतानेलसाठी माना खाली घालून शांतता पाळली.

माना खाली! एवढी सगळी माणसं पहिल्यांदाच जमिनीकडे बघत होती, आणि जमिनीवर चहूकडे सेपच सेप. पण सगळ्यांनी डोळे मिटले होते. शहरातल्या माणसांना दुःख दाखवायचं असलं की ती डोळे मिटतात, देव त्यांचं भलं करो. शांतता संपली. नर्सबाईनं डोळे पुसत तिच्या मांडीवर कीशचा, म्हणजे अंड्याच्या खारट पायचा, एक तुकडा ठेवला, आणि रांग गावाकडे उतरली.

सगळ्यात शेवटी फिर्मँ आला. एकटा. सदऱ्याच्या पुढच्या बाजूला छातीपासून पोटापर्यंत तपकिरी, बुळबुळीत डाग.

तो तिच्यासमोर थांबला. "ऊठ की."

"नाही उठत. मला इथं बरं वाटतंय."

"तुझे हात कापतायत."

"थंडी आहे. तुझ्या सदऱ्याला काय झालं?"

फिर्मँनं खाली पाहिलं. खोटं बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यातून खरं बाहेर पडलं. "पोटावर झोपलो होतो," तो म्हणाला. "मीही वाट सरळ केली. बसभर माणसं माझ्यावरून ओलांडून गेली. एकानं विचारलं, आजोबा, ही योगासनं का? हो म्हटलं."

"आणि युबेर?"

"तो खाली पाय फाकून उभा आहे आणि भाषण देतोय. लोक निघून गेले तरी चालूच आहे."

ओदीलला हसू फुटलं. हसताना हात निसटायला लागले तशी तिनं ते आवरलं. फिर्मँही वाटेच्या पलीकडे मटकन बसला. त्याला तिची जागा ठाऊक होती, तिला त्याची. त्यानं तोंड उघडलं तर ती उघडेल, तिनं उघडलं तर तो.

"मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला.

"सांगूनच बघ."

"आणि तू?"

"तू पुन्हा इकडे टोपली घेऊन दिसला नाहीस, तर मला टेकडी कुठे आहे तेही आठवत नाही."

त्यांच्या खानदानात याच्याइतका पक्का करार आजवर कुठल्या लग्नातही झाला नव्हता.

"आता उठायला हात देऊ?"

"पाठ फिरव आधी."

"अगं, आता काय राहिलंय लपवायला?"

"फिरव म्हणते ना!"

फिर्मँ कुरकुरत उठला आणि बीचच्या खोडाकडे तोंड करून उभा राहिला. ओदील कशीबशी गुडघ्यांवर आली, बुटातून चाकू काढला. सेप शाबूत होता. दोन्ही हातात मावत नव्हता. तिनं तो अलगद कापला, पोटाशी धरला, वरून झग्याचा घोळ घेतला. नाकाला त्याचा वास आला, ओल्या मातीचा आणि अक्रोडाचा.

"मोठा आहे का गं?" खोडाकडे बघत फिर्मँनं विचारलं.

"छे रे," ओदील म्हणाली. "बारकासाच आहे. आणि किडका."